फोटोत काही नाही, मग टोंगया काहून दुखते?

आमच्याकडे एक्स-रेला फोटो म्हणतात. तालुक्याला फोटो काढला, डॉक्टरनं फोटो पाहिला, फोटोत काही निघालं नाही. माझ्या पुतण्याची गोष्ट इथूनच सुरू होते.

सात वर्षांपूर्वीचा डिसेंबर. गावात रात्रीचे कबड्डी सामने होते. काळ्या मातीचं पटांगण पाणी मारून, रोलर फिरवून इतकं टणक केलं होतं की त्यावर नारळ फुटला असता. पुतण्या चढाईला गेला, परत वळताना दोघांनी मिळून पकड घातली आणि तिघांचं वजन घेऊन त्याचा उजवा गुडघा जमिनीवर आदळला. रात्रीतून टोंगया फुगून पपईएवढा झाला. (टोंगया म्हणजे गुडघा, वर्धा नदीच्या फार पलीकडं राहणाऱ्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) दुसऱ्या दिवशी फोटो निघाला. हाड शाबूत होतं. पंधरा दिवसांत सूज उतरली, दीड महिन्यात पोरगा पुन्हा मैदानात.

आता तो सव्वीस वर्षांचा आहे आणि ओसरीची पायरी उतरताना खांब धरतो. उकिडवं बसणं त्यानं सोडून दिलंय. मध्ये पुन्हा फोटो काढला, पुन्हा "विशेष काही नाही". एका रात्री जेवणं झाल्यावर बाहेर खाटेवर बसलो होतो, तेव्हा त्यानं विचारलं, "काका, तवाही फोटोत काही नव्हतं, आताही नाही म्हणते. मंग टोंगया काहून दुखते?"

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, म्हणून असे प्रश्न माझ्या वाट्याला येतात. त्याला जे सांगितलं तेच इथं जरा नीट लावून लिहितो आहे.

रविवारी मटण आणायला गेलात तर खाटकाला बोकडाच्या मांडीच्या हाडाचं टोक दाखवायला सांगा. हाडाच्या टोकाला एक निळसर पांढरं, चकचकीत, ओलं टोपण असतं. बोट फिरवलं तर निसटतं. नख रोवलं तर रुतत नाही, पण दगडासारखंही लागत नाही. ही कूर्चा. शाळेच्या पुस्तकात तिला कास्थी म्हणतात. आपल्या गुडघ्यात तिची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असते, वाटीच्या मागे याहून जास्त. एवढ्याशा थरावर आपण चालतो, नांगर धरतो, पोतं उचलतो. दोन कूर्चा एकमेकींवर घसरताना होणारं घर्षण बर्फावर बर्फ घासल्यावर होतं त्याहूनही कमी असतं.

फोटोत ती दिसत नाही, याचं कारण साधं आहे. क्ष-किरण अडतात ते हाडातल्या कॅल्शियममुळे. कूर्चेत वजनाच्या ६५ ते ८० टक्के पाणीच असतं, त्यामुळे किरण तिच्यातून आरपार जातात आणि फोटोत दोन हाडांमध्ये नुसती मोकळी जागा दिसते. लोक म्हणतात ना, "गॅप कमी झाला", तो गॅप म्हणजे खरं तर रिकामी जागा नव्हे, न दिसणारी कूर्चा. ती बरीच झिजून हाडं जवळ आली की मगच फोटो काही बोलतो. आणि "ग्रीस संपलं" हा आपला दुसरा आवडता शब्द. या शब्दानं फार घोटाळा केला आहे. ग्रीस संपलं तर पुन्हा भरता येतं, असं माणसाला वाटतं आणि मग तो भरून देणाऱ्याच्या शोधात निघतो. सांध्यात वंगणाचं पाणी असतं हे खरं, पण निरोगी गुडघ्यात ते चमचाभरही नसतं. घासलं जातं ते वंगण नाही, घासला जातो जिवंत थर.

जिवंत म्हणजे कसा, ते सांगण्याआधी हिंगणघाट किंवा पुलगावकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये जाऊन येऊ. सरकी काढलेली रुई प्रेसमध्ये दाबतात आणि पट्ट्यांनी आवळून १७० किलोची गठाण बांधतात. गठाणीवर हात मारला तर ती लाकडासारखी लागते. पण कापूस काही लाकूड झालेला नसतो. त्याला फुगायचं असतं आणि पट्ट्या त्याला फुगू देत नाहीत. गठाणीचा टणकपणा म्हणजे या दोघांची रस्सीखेच. एखादी पट्टी तुटली की तिथून रुई बाहेर येते आणि तेवढा भाग मऊ पडतो.

कूर्चा अशीच बांधलेली असते. तिच्यात ॲग्रिकन नावाचे मोठमोठे, बाटल्या धुवायच्या ब्रशसारखे दिसणारे रेणू असतात. त्यांच्या केसांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात आणि पाणी ओढून घेतात. ही आपली फुगू पाहणारी रुई. आणि पट्ट्या म्हणजे कोलॅजेनचे धागे. पृष्ठभागाजवळ ते जमिनीला समांतर, खाली हाडाजवळ उभे रोवलेले. पाण्यानं फुगू पाहणारा ॲग्रिकन आणि त्याला आवळून धरणारं कोलॅजेन, यांच्या ताणातून ती बोटाला निसटणारी, नखाला न रुतणारी कूर्चा तयार होते.

या पट्ट्यांबद्दल एक गोष्ट कळली तेव्हा मी स्वतः चकित झालो होतो. १९५०-६० च्या दशकात उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या आणि हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण वाढलं. त्या काळात शरीरात जे काही बनलं त्यावर त्याची खूण राहिली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ साली माणसांच्या गुडघ्यातल्या कोलॅजेनमध्ये ही खूण तपासली. निष्कर्ष असा की वाढीच्या वयात जे कोलॅजेन घडलं तेच जन्मभर राहतं. मोठेपणी नवं जवळपास बनतच नाही. दहावीच्या गुणपत्रिकेसारखं आहे हे. एकदा मिळाली ती मिळाली. ॲग्रिकन बदलत राहतो, पट्ट्या बदलत नाहीत.

आता या गठाणीत राहतं कोण? कूर्चापेशी. मोठ्या माणसाच्या कूर्चेच्या आकारमानात त्या जेमतेम एक-दोन टक्के असतात. मेळघाटात डोंगराआड एखादं एकटं घर असावं, तशी प्रत्येक पेशी आपापल्या कप्प्यात, शेजारणीला हात लागत नाही इतक्या अंतरावर. तिथवर रक्तवाहिनीचा रस्ता नाही, मज्जातंतूची तार नाही. अन्न आणि ऑक्सिजन सांध्यातल्या पाण्यातून झिरपत येतात, आणि ऑक्सिजन फारच थोडा. आपण चालतो तेव्हा कूर्चा दाबली जाते, सुटते, पुन्हा दाबली जाते आणि या हालचालीनं पाणी आत-बाहेर फिरतं. एवढ्यावर ती पेशी जगते, आणि आजूबाजूच्या सगळ्या ॲग्रिकनची डागडुजी तिची एकटीची.

तार नाही म्हणजे दुखणंही नाही. हे पुतण्याला पटायला वेळ लागला. कूर्चेला चीर गेली तरी कूर्चा ओरडत नाही. आपल्याला दुखतं ते सांध्याच्या आतल्या अस्तरातून, भोवतीच्या पिशवीतून, खालच्या हाडातून. सूज उतरली, दुखणं थांबलं, याचा अर्थ अस्तर शांत झालं, इतकाच. आतल्या थरात काय चाललंय याची खबर देणारं तिथं कोणीच नाही.

मग त्या रात्री आत काय झालं?

पहिला प्रश्न असा की गुडघा तर रोजच भार सोसतो, मग एका आपटीचं एवढं काय. १९८६ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाच्या खुब्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्यातच दाब मोजणारी यंत्रणा घातली होती. खुर्चीवरून उठताना कूर्चेवर १८ मेगापास्कलपर्यंत दाब आढळला. हिशेब केला तर दर चौरस सेंटिमीटरला १८० किलोच्या वर. ट्रकच्या टायरमध्ये भरतात त्याच्या वीसेक पट. आणि खुर्चीवरून तर आपण रोज उठतो! म्हणजे नुसता दाब वैरी नाही. वैरी आहे दाबाचा वेग.

विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही हे शब्दांत सांगायची गरज नाही. पायऱ्यांवरून हळू उतरलात तर पाणी बाजूला होतं आणि तुम्हाला आत घेतं. काठावरून पोटावर पडलात तर तेच पाणी चपराक मारतं, छाती लाल होते. पाणी तेच, तुम्ही तेच. पाण्याला बाजूला व्हायला सवड मिळाली नाही. कूर्चेतलं पाणीही असंच आहे. चालताना भार हळूहळू चढतो, पाण्याचा दाब बहुतांश वजन पेलतो, भार पसरतो. आपटीत सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं. पाणी जागचं हलू शकत नाही, मग थर चेपून आडवा ताणला जातो आणि तो ताण थेट पट्ट्यांवर आणि पेशींवर येतो. १९७७ मध्ये रेपो आणि फिनले या दोघांनी कूर्चेच्या तुकड्यांवर मोजून आघात केले. जाडीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त चेपली गेली की भेगा पडतात आणि पेशी मरतात, असं त्यांना दिसलं.

स्नायूंचंही तसंच. अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त आहे हे लक्षात न आल्यावर जो हादरा बसतो तो आठवा. उंची वीतभरच, पण मांडीचे स्नायू तयारीत नव्हते. स्नायूंना निरोप मिळून ते आवळेपर्यंत सेकंदाचा दहावा-विसावा भाग तरी जातो, आणि तोवर आपट होऊन गेलेली असते. एरवी स्नायू बराच मार आपल्या अंगावर घेतात. त्या क्षणी तो सगळा सांध्यात उतरतो.

सगळ्यांत आधी बळी पडतो तो वरचा थर. तिथल्या पेशी चपट्या, पृष्ठभागाला समांतर झोपलेल्या, आणि सांधा निसरडा ठेवणारं ल्युब्रिसिन नावाचं प्रथिन मुख्यतः त्याच बनवतात. म्हणजे ज्यांच्यावर घसरण अवलंबून त्याच पहिल्यांदा जातात. चिरेच्या काठावरच्या पेशींचं आवरण फाटतं आणि त्या तिथंच संपतात. या मरणाला काही इलाज नाही, ते क्षणात झालेलं असतं. पण प्रयोगशाळेत तुकडा आपटून दर काही तासांनी तपासला तर मेलेल्या पेशींचा पट्टा रुंद होत जातो. दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी आणखी जास्त. ज्या पेशींना थेट चीर गेली नव्हती त्या का मरतात? मला विचाराल तर या सगळ्या विषयातला खरा रस इथं आहे.

आवरण न फाटलेल्या पेशीलाही धक्का जाणवतो. तो जाणून घेणारी दारं तिच्या आवरणात असतात. त्यांची नावं पिएझो-१ आणि पिएझो-२. दिसायला तीन पात्यांच्या पंख्यासारखी. आवरण ताणलं गेलं की पाती सपाट होतात आणि मधलं छिद्र उघडतं. ही दारं आर्डेम पटापुटियन यांच्या गटानं २०१० मध्ये शोधली आणि २०२१ चं नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर मिळालं. कूर्चापेशीत आणखी एक दार असतं, टीआरपीव्ही-४ नावाचं, ते रोजच्या हलक्या दाबाला उघडतं आणि पेशीला सांगतं, काम चालू ठेव, ॲग्रिकन बनव. पिएझो मात्र मोठ्या ताणाला उघडतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतं. दार उघडलं की ते धरणाच्या पाण्यासारखं आत घुसतं. कॅल्शियम म्हणजे पेशीच्या भाषेत निरोप. थोडं आलं तर निरोप, लोंढा आला तर आकांत.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २०१४ मध्ये हे डुकराच्या कूर्चेवर तपासलं. चिलीतल्या एका मोठ्या केसाळ कोळ्याच्या विषात एक छोटं प्रथिन सापडतं, ते पिएझोची दारं अडवतं. ते लावून मग कूर्चेला इजा केली तर जखमेच्या काठची पेशींची मर कमी झाली. शेतकऱ्याच्या घरात जन्मल्यामुळे मला विष म्हटलं की फवारणीच आठवते. जखमी सांध्याला वाचवायला कोळ्याचं विष कामाला यावं याचं मला अजूनही नवल वाटतं.

दुसरा धागा तंतुकणिकांचा. पेशीचं वीजघर म्हणून आपण तो धडा दहावीत पाठ केलेला असतो. कूर्चापेशी आपली बरीचशी ऊर्जा ऑक्सिजनशिवायच काढते, तरी तंतुकणिका तिच्यात असतातच, आणि त्या पेशीच्या आतल्या सांगाड्याच्या दोऱ्यांना बांधलेल्या असतात. बाहेरून हिसका बसला की दोऱ्या ओढल्या जातात, तंतुकणिका ताणल्या जातात आणि त्यांच्यातून ऑक्सिजनची भडकलेली रूपं बाहेर पडतात. मेंदीला पाणी घालायचं सोडून पाइप फुटावा तसं. ही रूपं समोर येईल त्याला जाळत जातात: आवरण, प्रथिनं, गुणसूत्रांतला डीएनए. आयोवा विद्यापीठातल्या गटानं आतल्या दोऱ्याच आधी विरघळवून मग आघात केला, तर भडका कमी झाला आणि पेशीही कमी मेल्या. म्हणजे मरण बाहेरून आलं, पण मारायचं काम बरंचसं घरातल्याच वीजघरानं केलं.

हा भडका तास-दोन तासांचा. त्यानंतर जखमी पेशींतल्या काही ठरवून मरतात. पेशीचं ठरवून मरणं हा एक व्यवस्थित कार्यक्रम असतो. ती स्वतःला आवरते, तुकडे करते. इतर अवयवांत हे तुकडे उचलून न्यायला रक्तातल्या पेशी येतात. इथं कोण येणार? रस्ताच नाही. तुकडे तिथंच पडून राहतात.

आणि उरलेल्या, वाचलेल्या पेशी? त्यांचं वागणं मला सगळ्यांत माणसासारखं वाटतं. तुटलेल्या प्रथिनांचे तुकडे, मेलेल्या शेजाऱ्यांच्या पोटातला मजकूर त्यांच्यापर्यंत झिरपत येतो. सांध्याचं अस्तरही सुजलेलं असतं आणि आयएल-१, आयएल-६, टीएनएफ अशी रासायनिक आरोळी देत असतं. हे ऐकून पेशी आपलं काम बदलते. ॲग्रिकन बनवणं मंदावतं आणि कापणारी विकरं सुटायला लागतात: ॲग्रिकन कापणारं अडॅम्टीएस-५, कोलॅजेन कापणारं एमएमपी-१३. पावसात धुरा फुटला तर आपण आधी कुजलेली माती, काटक्या उपसून काढतो आणि मग नवा भराव घालतो. पेशीचा विचार तोच असावा. आधी साफसफाई, मग बांधणी. कातडीला जखम झाली तर हीच रीत उपयोगी पडते, कारण मागून रक्त सामान घेऊन येतं. इथं सामान आणणारी बंडी येतच नाही. उपसणं चालू राहतं, भराव पडत नाही. आणि गठाणीची पट्टी एकदा कापली गेली की नवी पट्टी जन्मात मिळत नाही, हे वर सांगितलंच आहे. पट्टी तुटल्या जागी ॲग्रिकन मोकाट फुगतो, पाणी जास्त धरतो, थर मऊ होतो, मग रोजच्या चालण्याचा भारही वाचलेल्या पेशींना जास्त लागायला लागतो.

दुरुस्तीचा प्रयत्नच होत नाही असं मात्र नाही. पेशीभोवतीच्या आवेष्टनात एफजीएफ-२ नावाचा वाढीचा घटक साठवून ठेवलेला असतो, इजा होताच तो सुटतो. काही पेशी पुन्हा विभागायला लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका कप्प्यात दाटीवाटीनं बसलेले झुबके दिसतात. पण जगण्याची ही धडपड भेग भरून काढण्याएवढी पुरत नाही. विल्यम हंटर या इंग्लंडमधल्या शरीररचनातज्ज्ञानं १७४३ मध्ये लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की परत भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांत त्याला खोटं पाडायला अजून कुणाला नीट जमलेलं नाही. भेग खोल हाडापर्यंत गेली तर रक्त येतं आणि काहीतरी भरतं, पण ते वेगळ्या जातीच्या कोलॅजेनचं, तंतुमय, लवकर झिजणारं ठिगळ असतं.

पुतण्याचा टोंगया रातोरात फुगला होता, त्याचंही सांगायला हवं. पहिल्या काही तासांतच भरलेली सूज बहुतेकदा रक्ताची असते, म्हणजे आत काहीतरी फाटलेलं असण्याची शक्यता मोठी. हळूहळू, दुसऱ्या दिवशी आलेली सूज पाण्याची असू शकते. रक्तातलं लोह वर सांगितलेल्या भडक्यात तेल ओततं, म्हणून सांध्यात रक्त साचणं कूर्चेला स्वतंत्रपणे वाईट. हिमोफिलिया असलेल्या, ज्यांचं रक्त लवकर गोठत नाही अशा मुलांचे सांधे वारंवार रक्त साचून लहानपणीच खराब होतात, हे डॉक्टरांना फार वर्षांपासून ठाऊक आहे.

पुढं त्याचा एमआरआय झाला. फोटोत न दिसणारी कूर्चा एमआरआयमध्ये दिसते, कारण ते यंत्र पाण्यातल्या हायड्रोजनवरच चालतं. आमच्या भागातून त्यासाठी सेवाग्राम, सावंगी नाहीतर सरळ नागपूर. मांडीच्या हाडाच्या टोकावर एक जागा विरलेली निघाली, जुनं धोतर बसायच्या जागी विरतं तशी. एवढी वर्षं ती विरत होती आणि तो खेळत होता, पोती वाहत होता, कारण ज्याला कळायला हवं त्याला तारच नव्हती. हाड आणि अस्तरापर्यंत गोष्ट पोचली तेव्हा दुखायला लागलं.

असं एकट्या त्याचंच झालं नाही. सांधेझिजेच्या रुग्णांत सुमारे १२ टक्के लोकांचं मूळ जुन्या इजेत असतं, असा एक अंदाज आहे. गुडघ्यातला पुढचा आडवा अस्थिबंध, ज्याला खेळाडू एसीएल म्हणतात, तो तुटलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा ते वीस वर्षांत झीज दिसते. कबड्डीत हा अस्थिबंध तुटणं काही दुर्मिळ नाही. ही झीज म्हातारपणाची वाट पाहत नाही. पंचवीस-तिशीतच दार ठोठावते.

मग काही औषध? पेशी मरायला काही तास ते काही दिवस घेत असतील, तर मधे पडायला तेवढी सवड आहे, हा विचार संशोधकांना वीस वर्षं झाली खुणावतो आहे. आयोवाच्याच गटानं २०१८ मध्ये लहान जातीच्या डुकरांच्या घोट्याचं हाड सांध्यातून मोडलं, ते नीट बसवलं आणि सांध्यात औषध टोचलं. एका गटाला तंतुकणिकांचा वेग तात्पुरता कमी करणारं एक जुनं झोपेचं औषध, दुसऱ्या गटाला एन-असिटिल सिस्टीन, जे पॅरासिटॅमॉलची विषबाधा झाली तर दवाखान्यात देतात. सहा महिन्यांनी पाहिलं तर औषध न दिलेल्यांपेक्षा यांच्या सांध्यात झीज बरीच कमी होती. उत्साह वाटण्याजोगं आहे, पण ते डुकरांचं. माणसात इजेनंतरची झीज थांबवणारं मान्यताप्राप्त औषध आज बाजारात नाही. एन-असिटिल सिस्टीनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात म्हणून कुणी आपल्या मनानं खाऊ नयेत. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये रुग्णाच्याच कूर्चापेशी बाहेर वाढवून परत बसवायची पद्धत निघाली, ती आता भारतातही होते. पण ती ठरावीक मापाच्या, एकाच जागी पडलेल्या खड्ड्यासाठी, आणि खर्च कापसाच्या हंगामाला न परवडणारा.

बोकडाच्या पायाचं सूप पिऊन टोंगये सुधारतात, असं माझी आई आजही ठामपणे सांगते. सूप चांगलंच लागतं. पण त्यातलं कोलॅजेन पोटात गेल्यावर डाळीतल्या प्रथिनासारखंच तुटतं. ते उठून गुडघ्यात जाऊन पट्टी बांधत नाही. डब्यातल्या महागड्या पावडरीचंही तेच, फक्त चव सुपाची नाही.

उलट एक स्वस्त गोष्ट पेशींना खरोखर लागते, ती म्हणजे लय असलेला, बेताचा भार. दाब-सूट, दाब-सूट. प्रयोगात असा भार दिला की पेशी ॲग्रिकन वाढवतात. सतत दाबून ठेवलं की कमी करतात. कमरेखाली लुळे पडलेल्या लोकांच्या गुडघ्यातली कूर्चा पातळ होत जाते. म्हणून इजा झाल्यावर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस आराम, पण नंतर महिनोन्‌महिने खाटेवर पाय ठेवून बसणं हाही मारच. सायकल, पाण्यातलं चालणं, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. स्नायू तयार असले तर पुढची आपट तेच झेलतात. वजन जास्त असेल तर उतरवलेला एक किलो प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी करतो, हा हिशेब मोजून काढलेला आहे.

पुतण्या आता खेळत नाही, गावातल्या पोरांना शिकवतो. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर अर्धा तास नुसतं पडायलाच शिकवत असतो: गुडघा वाकवून, अंग गोळा करून, कुशीवर. म्हाताऱ्यांना ते हसण्यासारखं वाटतं.

मागच्या आठवड्यात त्यातलाच एक पोरगा पडला. तासाभरात टोंगया भरला. कुणीतरी तिळाचं तेल घेऊन रगडायला बसला, तर पुतण्यानं त्याचा हात धरला. बर्फ कुठून आणायचा? पानठेल्यावरच्या फ्रीजमधल्या गारेगार पाण्याच्या पिशव्या आणून फडक्यात गुंडाळून बांधल्या. सकाळच्या पहिल्या एसटीनं वर्धेला न्यायचं म्हणाला, तर पोराचा बाप अडून बसला. "हाड तं मोडलं नाही ना बावा, मंग वर्धेले काहून न्या लागते?"

पुतण्या त्याच्या शेजारी खाटेवर बसला. "काकाजी, रविवारी मटण आणता ना, त्या नळीच्या टोकाले कधी पाह्यलं का?"

"आमच्या घरी माळ आहे," बाप म्हणाला.

पुतण्या जरा थांबला, डोकं खाजवलं. "बरं, मंग कापसाची गठाण तं पाह्यली असन?"